डोळ्यांच्या पाटीवर किती मावतं?

मँचेस्टरला तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी एका काळ्या तबकात कागदाची गोल, उथळ डबी ठेवली. डबीला आतून पांढरा कागद लावला होता. मग काळ्या घेवड्यासारखे एकसारखे दाणे मुठीत घेऊन ते त्या डबीच्या दिशेने टाकू लागले. किती दाणे आत पडतील आणि किती बाहेर सांडतील, हे त्यांनाही ठाऊक नसे. दाणे स्थिरावले की एका नजरेत मनात येईल तो आकडा बोलायचा, मग दाणे मोजायचे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. असं त्यांनी एकट्याने १,०२७ वेळा केलं. १८७१ साली ‘नेचर’मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. तीन किंवा चार दाणे पडले तेव्हा जेव्हन्स एकदाही चुकले नव्हते. पाचव्या दाण्यापासून चुका सुरू झाल्या आणि पुढे दाण्यांबरोबर त्या वाढत गेल्या.

हा प्रयोग नेमका कशाचा? मोजण्याचा, लक्ष देण्याचा की आठवणीचा? त्या काळी हे धागे वेगळे झालेले नव्हते. स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी त्याआधी जमिनीवर गोट्या विखरून पाहायला सांगितलं होतं आणि सहा-सातांपलीकडे गोंधळ होतो असं नोंदवलं होतं. जेव्हन्स यांनी त्याला आकड्यांची शिस्त लावली, आणि त्या शिस्तीतून चार हा आकडा वर आला. पुढची दीडशे वर्षं तो वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हापुन्हा उगवत राहिला.

त्याच काळात त्याच्या अगदी उलट दिशेचं एक निरीक्षण साहित्यात नोंदलं गेलं. १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांची ‘किम’ ही कादंबरी १९०१ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात सिमल्याच्या लर्गन साहेबाच्या दुकानात रत्नांचा खेळ आहे. तबकात खडे मांडायचे, किमला पाहू द्यायचे आणि वर कागद झाकायचा. किम पंधरा खडे मोजतो, पण त्यातले दोन विसरतो. जे आठवतात तेही निळा, हिरवा, पिवळा, भोकाचा असे. दुकानातला लहान मुलगा मात्र एकूण एक खडा सांगतो: हा अमुक जातीचा, वजन इतक्या रतीचं, त्यात हा दोष. दोघांचे डोळे तेच होते आणि तबकही तेच, पण किमला रंग दिसले आणि त्या मुलाला रत्नं दिसली. आपल्याकडे शिबिरांत आणि वर्गांत ताटातल्या वस्तू झाकून आठवायला लावतात. स्काउट चळवळीने १९०८पासून जगभर नेलेला हाच खेळ. जे लहानपणी तो खेळलेत त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही.

विज्ञानाने पुढची शंभर वर्षं किमच्या तबकाऐवजी जेव्हन्स यांची डबी निवडली, आणि त्याला सबळ कारण होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मरणशक्तीवरचं आपलं पुस्तक काढलं, तेव्हा त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरगट पाठ केले होते. शब्दांना अर्थ असतो, अर्थाला आठवणी चिकटलेल्या असतात, आणि प्रत्येक माणसाच्या आठवणी वेगळ्या. मग स्मृती मोजायची कशी? अर्थच काढून टाकायचा. रसायनशास्त्रज्ञ पाणी गाळून घेतो तसं. ही युक्ती इतकी फळाला आली की अर्थ गाळून टाकलाय याचाच पुढे विसर पडत गेला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गाठ इथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नाला नवी निकड आली. रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहणारे सैनिक, टेलिफोन यंत्रणा, विमानांचे तबकड्यांनी भरलेले फलक, या सगळ्यांत माणूस हा माहिती वाहून नेणारा एक दुवा झाला, आणि त्याच्यातून एका वेळी किती माहिती जाऊ शकते हे अभियंत्यांना हवं होतं. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी सात ही संख्या, दोन कमी-जास्त, असा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात एक महत्त्वाची अट होती: सात अक्षरं, सात शब्द की सात वाक्प्रचार, हे माणूस त्यांची मोट कशी बांधतो यावर ठरतं. सात हा आकडा जगभर गेला. मोटेची अट फार कमी जणांनी लक्षात ठेवली.

मग आले जॉर्ज स्पर्लिंग. हार्वर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या या तरुणाचा १९६० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या क्षेत्रातला सगळ्यात देखणा वाटतो. पडद्यावर तीन ओळींत चार-चार, अशी बारा अक्षरं सेकंदाच्या विसाव्या भागापुरती चमकवायची. सगळी सांगा म्हटलं, तर लोक चार किंवा फार तर पाच सांगत आणि वर म्हणत, की दिसली होती सगळी, पण सांगेपर्यंत पुसली गेली. कुणीही या तक्रारीकडे सबब म्हणून दुर्लक्ष केलं असतं. स्पर्लिंग यांनी ती खरी मानली आणि तपासायचा मार्ग शोधला. अक्षरं नाहीशी झाल्यावर एक स्वर वाजवायचा: उंच म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. तेवढीच ओळ सांगायची. कोणती ओळ विचारली जाणार हे आधी माहीत नसतानाही लोकांनी चारपैकी साधारण तीन अक्षरं बरोबर सांगितली. म्हणजे त्या क्षणी बारापैकी नऊ अक्षरं कुठेतरी शाबूत होती. स्वराला एका सेकंदाचा उशीर केला की हा फायदा संपे.

डोळ्यांत एक भरगच्च पण क्षणभंगुर चित्र उमटतं आणि विरतं, आणि त्यातून थोडंसंच काही टिकाऊ जागी हलवता येतं, हे आता दिसू लागलं होतं. ती टिकाऊ जागा वेगळी आहे हे १९७४ साली स्टर्लिंग विद्यापीठाच्या विल्यम फिलिप्स यांनी दाखवलं. त्यांनी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे नक्षीपट दाखवले, थोडा वेळ जाऊ दिला, मग पुन्हा तोच किंवा एक चौकडा बदललेला पट दाखवला आणि विचारलं, तोच आहे का? मधला वेळ अगदी थोडा असेल तर कितीही गुंतागुंतीचा पट लोक ओळखत. पण दुसरा पट किंचित बाजूला सरकवला की ही किमया संपे, कारण क्षणिक चित्र जागेला बांधलेलं असतं. मागे उरे ती दुसरी स्मृती. ती काही सेकंद टिके, सरकण्याने बिघडत नसे, पण चौकडे वाढले की कोलमडे.

त्याच वर्षी ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यस्मृतीची नवी मांडणी केली: हाताशी असलेल्या कामापुरतं मनात धरून ठेवण्याची आणि त्यावर काम करण्याची जागा. तिच्यात शब्दांसाठी एक कप्पा होता आणि दृश्यांसाठी दुसरा. दुसऱ्याला त्यांनी चित्रं रेखाटायच्या वहीची उपमा दिली होती. आपण पाटी म्हणू, कारण तिच्यावरचं पुसलं जातं. बॅडली यांनी सांगितलेली एक आठवण इथे फार बोलकी आहे. अमेरिकेत गाडी चालवताना ते रेडिओवर तिथल्या फुटबॉलचं समालोचन ऐकत होते. मैदान, खेळाडू, चेंडू हे सगळं मनासमोर उभं राहू लागलं, आणि गाडी एका मार्गिकेतून दुसरीत डोलू लागली. घाबरून त्यांनी संगीत लावलं. रस्ता आणि मैदान, दोघांनाही एकाच पाटीवर जागा हवी होती.

या मुख्य रस्त्याला समांतर एक पाऊलवाट होती, आणि ती किमच्या तबकाकडे जात होती. नेदरलँड्समधले बुद्धिबळपटू आणि मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४०च्या दशकात पाहिलं होतं, की डावातली एक स्थिती काही सेकंद दाखवली तरी निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी मांडतो. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी त्यात एक निर्णायक भर घातली. पाच सेकंद पट पाहून निष्णात खेळाडू सोळाएक मोहरे योग्य घरांत ठेवी, नवशिक्या चारेक. पण मोहरे वाटेल तसे विखरून मांडले, की निष्णाताची सगळी मिरास जाई आणि तोही नवशिक्याच्या रांगेत येऊन बसे. त्याची पाटी मोठी नव्हती. त्याला मोहऱ्यांऐवजी तटबंदी, हल्ला, साखळी दिसत होती. त्याच वर्षी लायनेल स्टँडिंग यांनी दहा हजार चित्रं एकामागून एक दाखवून नंतर ओळखायला लावली, आणि माणसं थक्क करणाऱ्या प्रमाणात बरोबर निघाली. पण ही दीर्घकालीन स्मृती, पाटीचा हिशेब वेगळा, असं म्हणून दोन्ही गोष्टी बाजूच्या खोलीत ठेवल्या गेल्या.

मुख्य खोलीत १९९७ साली मोठा दिवा लागला. आयोवा विद्यापीठात स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी रंगीत चौकोन घेतले, एकापासून बारापर्यंत. सेकंदाच्या दहाव्या भागापुरते ते दाखवायचे, सेकंदाला थोडा कमी असा कोरा वेळ, मग पुन्हा चौकोन. एखाद्याचा रंग बदललाय का? लोकांनी मनात ‘लाल, निळा’ असं घोकू नये म्हणून त्यांना आकडेही लक्षात ठेवायला लावत. तीनपर्यंत जवळजवळ चूक नाही, चारापासून घसरण. जेव्हन्स यांचे दाणेच जणू रंगीत होऊन परत आले. पुढचा निष्कर्ष आणखी धाडसी होता. प्रत्येक वस्तूला रंग, कल, आकारमान आणि एक फट असे चार गुण दिले, तरी चार वस्तूंचे सोळाही गुण तितकेच नीट लक्षात राहिले. म्हणजे पाटीवर जागा गुणांना नसून वस्तूंना मिळते, तीही चार.

या निष्कर्षाने क्षेत्राला एक सोपं, स्वस्त, कुठेही करता येणारं मोजमाप दिलं. २००४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. व्होगेल आणि माचिझावा यांना डोक्यावर लावलेल्या विद्युतअग्रांतून एक लहर सापडली. ती लक्षात धरलेल्या वस्तूंबरोबर वाढे आणि तीन-चारला येऊन थबके, कमी क्षमतेच्या माणसात आधीच थबके. टॉड आणि मरवा यांना मेंदूच्या पार्श्व भागात हीच मर्यादा चुंबकीय प्रतिमांत दिसली. पुढे चौकोनांची ही चाचणी माणसं मोजायलाही वापरली गेली. तिच्यातले गुण बुद्धिमापनाशी ताडून पाहिले गेले, छिन्नमनस्कतेच्या रुग्णांमधली घट तिने दाखवली. हे काम मोलाचं आहे. पण मोजपट्टी इतकी हाताला बसली, की जग चौकोनांचं बनलेलं नाही ही गोष्ट मागे पडली.

जगाकडे पाहणारे लोक त्याच वर्षांत फार वेगळं काही पाहत होते. १९९८ साली डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात एका माणसाला हातात नकाशा देऊन उभं केलं. तो जाणाऱ्या-येणाऱ्याला रस्ता विचारी. बोलणं चालू असताना दोघांच्या मधून एक दार वाहून नेलं जाई आणि दाराच्या आडोशाने रस्ता विचारणारा माणूसच बदले. पंधरापैकी सातच जणांच्या ते लक्षात आलं. बाकीचे नव्या माणसाला तसाच रस्ता सांगत राहिले. चार वस्तूंची पाटी घेऊन फिरणाऱ्या माणसाला समोरचा माणूस बदललेला कळू नये?

याचं एक उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात तयार होतं. डॅना बॅलर्ड, मेरी हेहो आणि जेफ पेल्झ यांनी लोकांना रंगीत ठोकळ्यांचा एक नमुना पाहून तसाच दुसरा रचायला सांगितलं आणि डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. आठ ठोकळे. दोन-तीन नजरांत पाठ व्हावेत असे. पण लोक एकेका ठोकळ्यासाठी नमुन्याकडे दोनदा पाहत. आधी रंग पाहायला, ठोकळा उचलल्यावर जागा पाहायला. डोक्यात जागा असूनही ते ती वापरत नव्हते, कारण नमुना समोरच होता. इंग्लंडात ससेक्सला मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली लोकांना चहा करायला लावून नजर टिपली. किटली, नळ, कप, दूध: नजर जवळजवळ कधीच भटकली नाही. हात वस्तूकडे जाण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी डोळे तिथे पोचलेले असत आणि काम संपायच्या किंचित आधी पुढच्या वस्तूकडे निघालेले. आपल्या ओट्यावर रोज हेच घडतं, डब्यांच्या रांगेतून मोहरीच्या डब्याकडे हात जातो तेव्हा. जग हीच मोठी पाटी, डोक्यातली लहान पाटी फक्त हातात घेतलेल्या गोष्टीपुरती.

पण मग वस्तू गुंतागुंतीच्या असतील तर त्या लहान पाटीवर किती मावतात? २००४ साली हार्वर्डच्या जॉर्ज अल्व्हारेझ आणि पॅट्रिक कॅव्हानॉ यांनी चौकोनांबरोबर चिनी लिपीची चिन्हं, वेडेवाकडे बहुकोन, छायांकित घनही वापरले. रंगांसाठी मर्यादा साधारण ४.४ भरली, घनांसाठी १.६. चार कप्पे की वाटून घ्यायचा एक साठा, यावर त्यानंतर मोठा वाद झाला. तो तज्ज्ञांकडे सोडू. मात्र एक सामान्य समजूत पक्की होत गेली: जितका तपशील जास्त, तितक्या वस्तू कमी. तसं असेल, तर खऱ्या जगातली किल्ली, घड्याळ, बूट, तपशीलाने खचाखच भरलेले, पाटीवर एखाद-दुसरेच मावायला हवेत.

मानसशास्त्रज्ञ टिमथी ब्रेडी यांना हे पटत नसावं, कारण त्यांच्या हाती एक वेगळा पुरावा होता. २००८ साली ते एमआयटीत असताना त्यांनी टॅलिया कोंकल, अल्व्हारेझ आणि ओड ऑलिव्हा यांच्यासोबत लोकांना साडेपाच तासांत २,५०० वस्तूंची चित्रं दाखवली होती, प्रत्येकी तीन सेकंद. नंतर जोड्यांतून पाहिलेली वस्तू ओळखायची. अगदी वेगळ्या वस्तूसमोर ९२ टक्के उत्तरं बरोबर आली. खरी नवलाई पुढे होती. त्याच जातीची दुसरी वस्तू शेजारी ठेवली तरी ८८ टक्के, आणि तीच वस्तू वेगळ्या अवस्थेत, म्हणजे उघडं कपाट की बंद, तरी ८७ टक्के. इतका तपशील दीर्घ स्मृतीत जातो. तो पाटीवरून न जाता गेला असेल का?

२०१६ साली ब्रेडी, व्हायोला श्टोर्मर आणि अल्व्हारेझ यांनी तोच लक-व्होगेल यांचा साचा घेतला आणि दोन गोष्टी बदलल्या. चौकोनांच्या जागी ओळखीच्या वस्तू आणल्या आणि पाहायला वेळ दिला, २०० मिलिसेकंदांपासून दोन सेकंदांपर्यंत. नावं घोकता येऊ नयेत म्हणून तोंडाने आकडे म्हणायला लावले. रंगांचा आकडा वेळ वाढवूनही जिथल्या तिथे राहिला. वस्तूंचा मात्र वेळेबरोबर चढत गेला आणि रंगांच्या पुढे निघून गेला. डोक्यावरच्या विद्युतअग्रांतली ती लहरही, जी रंगांपाशी थबकत असे, वस्तूंसाठी वाढत राहिली. वीस वर्षं जी भिंत मानली गेली, ती निदान काही अंशी चौकोनांची भिंत होती.

हे सहज स्वीकारलं गेलं नाही, आणि जाऊही नये. २०२०मध्ये कॉलिन क्वर्क, कर्स्टन ॲडम आणि व्होगेल यांनी प्रयोगाची घडण बदलून पाहिली, तेव्हा जास्त वेळ दिल्याने वस्तूंना वेगळा फायदा झालेला त्यांना दिसला नाही. कदाचित वस्तू एकमेकींहून फार वेगळ्या दिसतात म्हणून लोक त्या ओळखत असतील, अर्थाचा त्यात संबंध नसेल, असाही आक्षेप होता. त्याला मला सगळ्यात समाधानकारक वाटणारं उत्तर २०२१ साली इझाबेल ॲस्प, श्टोर्मर आणि ब्रेडी यांनी दिलं. त्यांनी चेहऱ्यांची अशी चित्रं घेतली जी फक्त काळ्या-पांढऱ्या डागांत उरलेली असतात. पाहणाऱ्याला कधी त्यांत चेहरा उमटतो, कधी नुसते डाग राहतात. डोळ्यावर पडणारी आकृती तीच. चेहरा दिसला तेव्हा ती अधिक चांगली लक्षात राहिली आणि ती लहरही मोठी झाली. कागदावरची शाई बदलली नव्हती, पाहणाऱ्याची ओळख बदलली होती. लर्गन साहेबाच्या दुकानातल्या मुलाला नीलम दिसला तसंच.

वस्तू एकमेकींच्या सोबतीनेही जागा वाचवतात. इटलीतल्या ट्रेंटोमध्ये डॅनियल कायझर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली वस्तूंच्या जोड्या दाखवल्या. जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिवा, जसा घरात असतो तसा, आणि मग तोच उलटा, टेबल वर आणि दिवा खाली. घरातल्यासारखी मांडणी जास्त नीट लक्षात राहिली. मिलर यांच्या मोटेची आठवण इथे होते. फक्त ही मोट माणूस मुद्दाम बांधत नाही, आयुष्यभर घरांत वावरून ती आधीच बांधलेली असते.

मग दारामागे बदललेल्या माणसाचं काय? त्याचं उत्तर क्षमतेत शोधण्याऐवजी गरजेत शोधावं लागतं, असं मला वाटतं. रस्ता सांगणाऱ्याला समोरच्याचा चेहरा जपून ठेवायचं कारणच नव्हतं. ही गरज मोजता येते का, हे ऑक्सफर्डच्या कीया नोब्रे यांच्या सोबत काम करणाऱ्या देयान ड्राश्को यांनी पाहिलं. त्यांचा अभ्यास २०२१ साली आला. लोकांच्या डोळ्यांवर आभासी खोली दाखवणारी उपकरणं बसवली. खोलीत एका बाजूला वस्तूंची मांडणी नमुना म्हणून, दुसरीकडे तशीच मांडणी करायची. रॉचेस्टरच्या ठोकळ्यांचा प्रयोग आता घरातल्या ओळखीच्या वस्तूंनी भरला होता, आणि संशोधक नमुना हवा तितका दूर नेऊ शकत होते. तो समोर असला की लोक पुन्हापुन्हा तिकडे पाहत. तो पाठीमागे गेला, वळून जावं लागलं, की ते एका खेपेत जास्त डोक्यात घेऊन येत आणि डोळ्यांच्या फेऱ्या घटत. तरीही एका खेपेला क्षमतेच्या काठापर्यंत भरून घेणारे नव्हतेच. बहुतेक वेळा एखादी वस्तू, फार तर दोन, एवढंच घेऊन ते निघत, ती जागेवर ठेवत आणि पुढची आणायला मागे वळत.